तान्ह्या बाळासाठी पाळणाघर: जळगाव-भुसावळ-धुळ्यातली सोय नेमकी कुठे तोकडी पडते

आधी निष्कर्ष सांगतो. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबारच्या कॉलन्यांमधली घरगुती पाळणाघरं आणि प्ले-ग्रुपला जोडलेली डे-केअर अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी चांगली आहेत. ते पोर बोलतं, हाताने जेवतं, दुखलं-खुपलं तर संध्याकाळी आईला सांगतं. एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी मात्र, आणि तेही दिवसाचे नऊ-दहा तास, ही सेवा आम्ही सुचवणार नाही. सांभाळणाऱ्या बाया वाईट असतात असं अजिबात नाही, बहुतेक मावश्या मनापासून जीव लावतात. पण ही सगळी मांडणी मोठ्या मुलांना धरून झालेली असते आणि तान्ही बाळं तिच्यात मागून सामावून घेतलेली असतात. पुढचं सगळं वर्षाच्या आतल्या बाळापुरतं आहे.

या वयात पाळणाघराची वेळ का येते, हे उघड आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले आठ आठवडेपर्यंत प्रसूतीआधी घेता येतात, आणि ते घेतले तर बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना आईला रुजू व्हावं लागतं. आजी-आजोबा गावाकडे शेती आणि ढोरं सोडून येऊ शकत नाहीत. त्यात भुसावळहून जळगाव किंवा शिरपूरहून धुळं असं अप-डाऊन असेल, तर आठ तासांच्या ड्युटीचे बाळासाठी दहा तास होतात. गाडी लेट झाली की अकरा.

आता मुख्य मुद्दा, हातांचा. सात महिन्यांच्या एका बाळाला नऊ तासांत काय काय लागतं ते मांडून बघा. चार वेळा दूध किंवा भरवणं, प्रत्येक वेळी ढेकर काढण्यासकट साधारण २५ मिनिटं, म्हणजे १०० मिनिटं. चार वेळा लंगोट किंवा डायपर बदलून धुणं-पुसणं, सात-सात मिनिटं, म्हणजे २८. तीनदा झोपवणं, पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे ४५. बेरीज जवळजवळ तीन तास. एका बाईकडे अशी तीन बाळं असली की तिचे नऊ तास संपले. तिने स्वतः घास खाल्ला नाही, फोन उचलला नाही, दार उघडायला उठली नाही, असं धरूनही. चौथं बाळ आलं की कुठेतरी काटछाट सुरू होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स वर्षाच्या आतल्या बाळांसाठी तिनामागे एक सांभाळणारी व्यक्ती असं प्रमाण सांगते, त्यामागे हाच हिशोब आहे. आपल्याकडे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरलेली होती, वय सहा महिने ते सहा वर्षं. खासगी पाळणाघरंही नकळत तोच साचा उचलतात: ‘आमच्याकडे दोन मावश्या आहेत.’ तो आकडा पुरेसा नाही. विचारायचं ते असं: दुपारी एक ते तीन या वेळात वर्षाच्या आतली बाळं किती आणि त्यांच्याजवळ कोण? याच वेळात मोठ्या मुलांची जेवणं असतात, शाळेतून येणारी मुलं उतरतात, आणि दोन मावश्यांपैकी एक स्वयंपाकघरात असते.

काटछाट कशाची होते, हेही ठरलेलं आहे. पहिलं जातं ढेकर काढणं. मग बाटली हातात धरून पाजण्याऐवजी गुंडाळलेल्या टॉवेलला टेकवून बाळाच्या तोंडात दिली जाते. यात बाळ पोट भरल्यावर तोंड फिरवू शकत नाही, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि आडव्यानेच पिण्यामुळे कान फुटण्याच्या तक्रारी वाढतात. त्यानंतर जातं उचलून घेणं आणि बोलणं. बाळ रडत नसेल तर ते वॉकरमध्ये, बाउन्सरमध्ये किंवा झोळीत तासन्‌तास राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयाचं बाळ सलग एक तासापेक्षा जास्त बांधल्यासारखं एका जागी ठेवू नये, रांगत नसेल तर जागेपणी दिवसातून निदान अर्धा तास पालथं खेळवावं, आणि पडद्यासमोर अजिबात बसवू नये. वॉकर दिसला की तो बाजूला काढायला सांगा. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट उंबरा आणि जिन्यावरून पडायची भीती वाढते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे.

उन्हाळा हा आपल्या भागाचा वेगळा मुद्दा आहे, आणि पुण्या-मुंबईच्या पाळणाघरांबद्दलचे सल्ले इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पाळणाघर स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या वाढीव खोलीत असेल तर दुपारी चारलाही खोली तापलेलीच असते. कूलर असतो, पण खिडकी बंद ठेवून चालवलेला कूलर फक्त दमट हवा फिरवतो. हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी हवी. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, वाळवून भरली नाही तर त्यात डासांच्या अळ्या होतात. लाइट गेल्यावर काय, हे विचाराच. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर बहुतेक ठिकाणी चालत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं, दूधच जास्त वेळा पाजायचं असतं. इथे गफलत होते. ‘लेकराला तहान लागली असेल’ म्हणून मायेनेच चमचाभर पाणी पाजलं जातं, दिवसभरात त्याचं वाटीभर होतं आणि तेवढं दूध कमी पितं. बाळाला पुरेसं मिळतंय की नाही हे ओल्या लंगोटांवरून कळतं: चोवीस तासांत निदान सहा, म्हणजे पाळणाघरातल्या नऊ तासांत तीन-चार. दोनच असतील, लघवी गडद पिवळी असेल, टाळू खोल गेलेली वाटत असेल तर त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठा.

डायपरची गोष्ट याच्याशीच जोडलेली. ‘फुगला की बदलतो’ हे उत्तर चालणार नाही. इथल्या उन्हात दोन-तीन तासांनी बदलला नाही तर मांड्यांच्या घडीत आधी लाली आणि मग बुरशीचं पुरळ येतं. त्यावर पावडर थापली की ओलसर घडीत तिचा लगदा बसतो.

दुधाबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात आणि त्या कुणाला दिसत नाहीत. काढून ठेवलेलं आईचं दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास टिकतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मार्च ते जूनमध्ये आपल्या खोल्या २५ अंशांवर नसतात. म्हणून इथे नियम साधा ठेवा: दूध बाहेर ठेवायचंच नाही. काढलं की लगेच फ्रिजमध्ये, पाळणाघरापर्यंत बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात, तिथे पोचलं की पुन्हा फ्रिजमध्ये, आणि फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या बाजूला. तिथला फ्रिज घरच्यांच्या वापराचा असेल तर दार दिवसभर उघड-बंद होतं. त्यामुळे त्या दिवशी लागेल तेवढंच दूध पाठवा. ६० ते ९० मिलीचे छोटे भाग करा, म्हणजे उरलं तर थोडंच वाया जाईल. प्रत्येक डबीवर बाळाचं नाव आणि दूध काढल्याची तारीख-वेळ. गरम करताना डबी कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवायची. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, कारण त्यात काही भाग चटका बसेल इतका तापतो. बाळाने तोंड लावलेलं उरलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर फेकायचं. परत फ्रिजमध्ये गेलेली उष्टी बाटली हे जुलाबाचं नेहमीचं कारण.

बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा पळी मागा. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची आणि डब्यातल्या दुधाची जाहिरात करायलाच मनाई आहे, इतका हा विषय गंभीर मानला गेला आहे. वाटी-चमच्याला वेळ लागतो आणि पाळणाघराकडे वेळच नसतो, म्हणून नकार येतो. बाटलीच द्यायची असेल तर ती कशी धुतात ते समोर उभं राहून बघा. बूच, आटे, निपल सगळं सुटं करून ब्रशने घासायचं, मग पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात दहा मिनिटं उकळायचं. एका गॅसवर आठ-दहा बाटल्या असल्या की गरम पाण्याने खळखळून भागवलं जातं आणि बुचाच्या आट्यात दुधाचा थर राहतो. सोपा उपाय: दिवसभर लागतील तेवढ्या बाटल्या किंवा वाट्या घरूनच उकळून, झाकून द्या. तिथे धुवायचं कामच ठेवू नका. डब्याचं दूध असेल तर पावडर घरून मोजून छोट्या डब्यांत द्या, सोबत मापाची खूण केलेली बाटली. कमी पावडरीत जास्त पाणी घातलं की बाळाचं पोट भरतं पण वजन वाढत नाही, आणि आईच्या हे दोन-तीन महिने लक्षातही येत नाही. पावडर घालताना पाणी उकळून थोडंसंच निवलेलं, निदान ७० अंशांचं हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग पाजण्याआधी बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करायची. डेअरीतलं म्हशीचं दूध पाणी घालून देतो, असं कुणी सांगितलं तर वर्षाच्या आतल्या बाळासाठी स्पष्ट नाही म्हणा.

वरच्या अन्नातही पातळपणाची खोड असते. वरणाचं पाणी आणि भाताची पेज पटकन भरवून होते, म्हणून तीच दिली जाते. सहा महिन्यांनंतरचं अन्न चमच्यावर ठेवलं तर ओघळू नये इतकं घट्ट हवं: कुस्करलेली मुगाची खिचडी तूप घालून, कुस्करलेलं केळं, नाचणीची लापशी. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मोठे चमचे यापासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ महिन्यांपासून तीन-चारदा. मीठ-साखर वरून नको, आणि मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. मोठी मुलं त्याच खोलीत खाऊ खात असतील तर जमिनीवर पडलेला शेंगदाणा किंवा फुटाणा हा रांगत्या बाळाला खरा धोका आहे. आपल्या घराघरांत शेंगदाणे असतात, पाळणाघरातही येतातच. रांगणाऱ्या बाळांची जागा वेगळी, निदान फळी लावून आडवलेली नसेल, तर ते ठिकाण या वयासाठी नाही.

झोपेबद्दल तीन गोष्टी बघा. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवतात का? उशी, तीही राईची, आणि सैल दुपटी चेहऱ्याजवळ असतात का? आणि झोळी. झोळीत बाळ लवकर झोपतं हे खरं, पण हनुवटी छातीला टेकून मान दुमडली तर श्वासाला अडथळा येतो, आणि कापड चेहऱ्यावर आलं तर लहान बाळाला ते बाजूला करता येत नाही. झोळी वापरत असतील तर डोळा लागला की गादीवर काढायला सांगा आणि झोपलेल्या बाळांच्या खोलीचं दार उघडंच राहू द्या.

आणि एक गोष्ट, जी विचारायला लाज वाटते पण विचारलीच पाहिजे: झोपेसाठी काही पाजतात का? बाळगुटी, ‘पोट शांत राहण्याचं’ औषध, सर्दीचं सिरप, काहीही. सर्दीच्या अनेक सिरपांमध्ये गुंगी आणणारं औषध असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, अशी सूचना काढली आहे. घरी रविवारी दुपारी बाळ दीड तास झोपतं आणि पाळणाघरात रोज साडेतीन-चार तास, संध्याकाळी घ्यायला गेल्यावरही डोळे जड, दुधाला उठवावं लागतं, असं दिसलं तर दुसऱ्या दिवशी पाठवू नका. चौकशी नंतर करा. ‘आमच्याकडे सगळी बाळं छान झोपतात’ ही जाहिरात आम्हाला खटकते, ती यामुळेच.

आजारपण टळणार नाही. पाळणाघरातल्या बाळाला घरातल्या बाळापेक्षा सर्दी, कान, जुलाब जास्त वेळा होतात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. कारण तोंडात जाणारी तीच खेळणी आणि एका बाळाचा लंगोट बदलून न धुता दुसऱ्याला भरवणारे तेच हात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी पूर्ण असल्याशिवाय पाठवू नका. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, त्यामुळे त्याआधीच्या बाळाला स्वतःचं संरक्षण नसतं. म्हणून मोठ्या मुलांचं लसीकरण कार्ड पाळणाघर तपासतं का, हे तुमच्याही बाळासाठी महत्त्वाचं आहे. तापलेल्या मुलाला परत पाठवण्याचा नियम आहे का, आणि तो पाळतात का? दोन्ही पालक नोकरीवर असल्याने सकाळी पॅरासिटामॉल पाजून बाळ सोडणारे पालकही या साखळीत आहेत. इथे दोष एकट्या पाळणाघराचा नाही.

माया आणि सवयीबद्दल अकारण घाबरवणारं बरंच बोललं जातं. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा मागोवा घेणाऱ्या एनआयसीएचडी या तिथल्या सरकारी बालआरोग्य संस्थेच्या अभ्यासात केवळ पाळणाघरात ठेवल्याने आईशी नातं बिघडतं असं दिसलं नाही. मात्र सांभाळ हलक्या दर्जाचा किंवा फार तासांचा असला, आणि घरीही बाळाच्या खाणाखुणांना नीट प्रतिसाद मिळत नसला, तर असुरक्षितता वाढलेली दिसली. म्हणजे प्रश्न पुन्हा दर्जाचा, तासांचा आणि तीच व्यक्ती रोज असण्याचा. आणि इथेच आपल्याकडची व्यवस्था डळमळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी माहेरी जाते, लगीनसराईत आठवडा-आठवडा येत नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी चांगली मिळते म्हणून काम सोडते. तिच्या बाजूने हे पूर्ण रास्त आहे, पगार वाढवल्याशिवाय ती थांबणार नाही. पण आठ-नऊ महिन्यांचं बाळ, ज्याला नुकती अनोळखी चेहऱ्याची भीती वाटू लागली आहे, त्याच्यासाठी चेहरा बदलणं जड जातं. खाणं कमी होतं, रात्री दचकून उठतं. आखाजीच्या आठवड्यात आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या वेळी बदली कोण, आणि ती बाई आधीपासून बाळांमध्ये वावरते का, हे प्रवेश घेतानाच ठरवून घ्या.

सीसीटीव्हीवर फार विसंबू नका. कॅमेरा हॉलमध्ये असतो. दूध तापवतात त्या ओट्यावर आणि झोपेच्या खोलीत तो क्वचितच असतो. रंगवलेल्या भिंती, एसीची पाटी आणि इंग्रजी नाव यांचा तान्ह्या बाळाशी संबंध नाही.

मग पर्याय काय? ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, अशी कायद्यात तरतूद आहे. शिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते. एमआयडीसीतल्या मोठ्या युनिटमध्ये किंवा बँकेच्या मोठ्या कार्यालयात हे लेखी मागता येतं. चार-पाच जणींनी मिळून मागितलं तर विचार होतो. रेल्वेतल्या महिलांना संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची आणि राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती दहावी-बारावीसाठी राखून ठेवण्याचा रिवाज आहे. आमच्या मते तिचा पहिला हप्ता बाळाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच वापरावा. अंगणवाडीचा पूर्ण दिवसासाठी भरवसा धरता येत नाही, तिची वेळ आणि रचना वेगळी आहे. रजा नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक बाई ठेवणं, तेही आईच्या कामाच्या ठिकाणाजवळ, हा या वयासाठी पाळणाघरापेक्षा बरा मार्ग आहे. दोन बाळं आणि एक बाई हे गणित जमतं.

पाळणाघरच घ्यायचं ठरलं तर राहत्या घराजवळचं न घेता कामाच्या ठिकाणाजवळचं घ्या. अप-डाऊनचा तास-दीड तास वाचतो आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊन अंगावर पाजता येतं. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरुवात करा: पहिले तीन दिवस आईने तिथे बसून एक तास, मग आई बाहेर जाऊन एक तास, मग एक दूध आणि एक झोप तिथे, दुसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस. बाळाच्या अंगाला सवयीचा वास असलेलं आईच्या जुन्या सुती साडीचं दुपटं मावशीने मांडीवर घेताना वापरावं, झोपताना जवळ ठेवू नये. रोजची एक वही ठेवा, त्यात चार रकाने: किती वाजता किती दूध, काय आणि किती खाल्लं, ओले लंगोट, झोप कधी ते कधी. वही मावशीनेच भरायची, मॅडमने संध्याकाळी बसून नाही. महिन्याला वजन करा. दोन महिने वजन जागचं हललं नाही, किंवा वहीत सगळ्या दिवशी तेच आकडे दिसू लागले, तर डिपॉझिट बुडालं तरी चालेल, बाळ काढून घ्या.